वैयक्तिक संकेतस्थळ : सजावट नव्हे, सेवा

एकाच गावी दीर्घकाळ सेवा केलेल्या प्राथमिक शिक्षकांचे एक उदाहरण कल्पू या. विद्यार्थ्यांना सोबत घेऊन त्यांनी दरवर्षी ऑक्टोबर आणि मे महिन्यांत गावातील विहिरींची पाणीपातळी मोजली व वहीत नोंदविली. पुढे सोप्या सॉफ्टवेअरच्या साहाय्याने त्यांनी स्वतःचे संकेतस्थळ तयार केले आणि त्या वहीची पाने छायाचित्रांच्या रूपाने त्यावर चढविली. मुखपृष्ठावर सरकणारे ‘सुस्वागतम्’, फिरणारे फूल, भेटींची संख्या मोजणारा आकडा आणि पान उघडताच वाजणारी सनई, अशी सारी शोभा त्यांनी हौसेने केली.

काही वर्षांनी पाणीटंचाईचा आराखडा करताना ग्रामपंचायतीला नेमकी हीच माहिती हवी झाली. सदस्यांनी मोबाईलवर शोध घेतला; काहीच सापडले नाही. कोणीतरी पत्ता दिल्यावर पान उघडले, पण उघडता उघडता बराच वेळ गेला. मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हे दिसली आणि वहीच्या छायाचित्रांतील आकडे वाचता येईनात. माहिती खरी होती, कष्टाने जमविलेली होती; मात्र गरजेच्या वेळी ती गावाच्या उपयोगी पडली नाही.

हे उदाहरण कल्पित असले, तरी त्यातील उणिवा सर्वत्र आढळणाऱ्या आहेत. त्या दूर करण्यासाठी मोठा खर्च अथवा तांत्रिक पदवी लागत नाही. थोडी शिस्त आणि वाचकाविषयी आस्था असली की पुरे.

साधन सोपे झाले, जबाबदारी वाढली

टिम बर्नर्स-ली यांनी स्वित्झर्लंडमधील ‘सर्न’ या संशोधन संस्थेत १९९१ मध्ये जगातील पहिले संकेतस्थळ सर्वांसाठी खुले केले. त्या काळी पान तयार करण्यासाठी बहुतेकांना एचटीएमएल या खुणांची भाषा हाताने लिहावी लागे. १९९०च्या दशकाच्या मध्यात ‘फ्रंटपेज’सारखी सॉफ्टवेअरे आली आणि पत्र टंकलिखित करावे तितक्या सहजतेने पान रचता येऊ लागले. २००३ मध्ये ‘वर्डप्रेस’ आणि २००८ मध्ये ‘गूगल साइट्स’ ही साधने उपलब्ध झाली. आज केवळ तयार नमुना निवडून आणि रिकाम्या चौकटी भरून एका दिवसात संकेतस्थळ उभे राहू शकते.

परंतु सोपे साधन निर्णय घेत नाही. तो करणाऱ्यालाच घ्यावा लागतो. सॉफ्टवेअर शंभर प्रकारचे रंग, अक्षरवळणे व हलती चित्रे देऊ करते. त्यांतील काय वापरावे आणि काय टाळावे, हे ठरविताना एकच कसोटी लावावी : येणाऱ्या वाचकाचे काम यामुळे सुकर होते काय? वाचक शोभा पाहण्यास क्वचितच येतो. तो काहीतरी शोधत येतो. म्हणून मुखपृष्ठाच्या पहिल्या दोन-तीन ओळींतच हे संकेतस्थळ कोणाचे, कशाविषयी आणि त्यात काय मिळेल, हे स्पष्ट सांगावे. आपोआप वाजणारे संगीत आणि सरकणारी अक्षरे काढून टाकणे, ही सुधारणेची पहिली व सर्वांत स्वस्त पायरी होय. ‘लवकरच येत आहे’ अशी रिकामी पानेही मेनूत ठेवू नयेत. पान तयार झाल्यावरच त्याचे नाव मेनूत घालावे.

अक्षर : दिसणे आणि असणे

मराठी संकेतस्थळांच्या बाबतीत सर्वांत मोठा अडथळा अक्षरांचा आहे. जुन्या पद्धतीच्या अनेक मराठी फाँटमध्ये पडद्यावर ‘क’ दिसत असला, तरी संगणकाच्या लेखी तेथे एखादे रोमन अक्षर किंवा चिन्ह असते. फाँट केवळ त्याला ‘क’चे रूप देतो. तो फाँट ज्याच्या संगणकावर नाही, त्याला मराठीऐवजी चिन्हांची खिचडी दिसते. शोधयंत्रालाही तो मजकूर मराठी असल्याचे उमगत नाही. उदाहरणातील पंचायत सदस्यांना काहीच सापडले नाही, त्याचे एक कारण हेच.

यावरील उपाय म्हणजे युनिकोड. या प्रमाणाची पहिली आवृत्ती १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली व तिच्यात देवनागरीच्या वर्णांना स्वतंत्र क्रमांक दिले गेले. युनिकोडमधील ‘क’ कोणत्याही फाँटमध्ये ‘क’च राहतो. आजच्या सर्व प्रचलित मोबाईल व संगणकांवर युनिकोड मराठी वाचता येते आणि टंकलेखनासाठी इन्स्क्रिप्ट कळफलकही उपलब्ध असतो.

जुना मजकूर परिवर्तक सॉफ्टवेअरच्या साहाय्याने युनिकोडमध्ये आणता येतो. मात्र परिवर्तन झाले म्हणजे काम संपले, असे समजू नये. रफार, जोडाक्षरे, अनुस्वार आणि आकडे या ठिकाणी चुका राहण्याचा संभव असतो. मूळ प्रत शेजारी ठेवून ओळ न् ओळ तपासावी. मराठीच्या खास वळणांकडेही लक्ष असावे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल जागा. रफार कोठे आणि अर्धा ‘र’ कोठे, हे चुकले तर अर्थ तर बदलतोच, शिवाय योग्य शब्दाने शोध घेणाऱ्याला ते पान सापडत नाही. सॉफ्टवेअरमध्ये भाषा निवडण्याची सोय असल्यास तेथे ‘मराठी’ ही निवड करावी. ती इंग्रजीवर तशीच सोडू नये.

दुसरी दक्षता अशी, की मजकूर चित्राच्या रूपात देऊ नये. सूचना, कविता किंवा तक्ता सुंदर चौकटीत लिहून त्याचे चित्र चढविण्याची प्रथा फार रूढ झाली आहे. चित्रातील शब्द शोधता येतील याची शाश्वती नसते, ते सहज उतरवून घेता येत नाहीत आणि मोबाईलच्या लहान पडद्यावर पुरेसे मोठेही होत नाहीत. वहीच्या पानाचे छायाचित्र पुरावा म्हणून अवश्य ठेवावे. परंतु त्याखाली तीच माहिती तक्त्यात टंकलिखित करावी. विहिरींच्या नोंदींत विहिरीचे प्रचलित नाव, मोजणीची तारीख, पाण्याची पातळी काठापासून किती मीटर खाली आहे आणि मोजणी कशाने केली, हे रकाने असले म्हणजे त्या आकड्यांना पुराव्याचे मोल येते.

शोधणाऱ्यास सापडावे

पुस्तकाला मुखपृष्ठावर नाव असते, त्याप्रमाणे संकेतस्थळाच्या प्रत्येक पानाला शीर्षक असते. ते शोधाच्या निकालात ठळकपणे दिसते. ‘फ्रंटपेज’ वापरणाऱ्या अनेकांनी हे शीर्षक न भरल्यामुळे ‘न्यू पेज १’ हेच नाव असलेली असंख्य पाने जगभर तयार झाली. आजही ‘होम’, ‘पान २’, ‘माहिती’ अशी शीर्षके आढळतात. त्याऐवजी गावाचे नाव, तालुका व जिल्हा घालून ‘विहिरींची पाणीपातळी : ऑक्टोबर व मे महिन्यांतील नोंदी’ असे शीर्षक दिले, तर शोधणाऱ्याला उघडण्यापूर्वीच आत काय आहे ते कळते. एकाच नावाची अनेक गावे महाराष्ट्रात आहेत, ही बाब येथे विसरता कामा नये.

लोक ज्या शब्दांनी विचारतात, ते शब्द मजकुरात असावेत. ‘भूजलस्तर’ हा शब्द योग्य आहे. पण गावकरी ‘विहिरीचे पाणी किती खाली गेले’ असे विचारतात. दोन्ही प्रयोग स्वाभाविकपणे लेखनात आले तर अधिकारी व शेतकरी दोघांनाही पान सापडते. मात्र तेच शब्द पुनःपुन्हा कोंबण्याची युक्ती वाचकाला त्रासदायक आणि शोधयंत्रांच्या दृष्टीनेही अनिष्ट ठरते.

दीर्घ मजकुराला उपशीर्षके द्यावीत. ती केवळ ठळक अक्षरांत न लिहिता सॉफ्टवेअरमधील ‘हेडिंग’ या सोयीने द्यावीत, म्हणजे पानाची रचना यंत्रालाही समजते. दुवा देताना ‘येथे क्लिक करा’ असे न लिहिता ‘इयत्ता सातवीचे भूगोलाचे स्वाध्याय’ असे नेमके शब्द वापरावेत. सहा महिन्यांतून एकदा सर्व दुवे उघडून पाहावेत व तुटलेले काढून टाकावेत.

छायाचित्रांचे ओझे

संकेतस्थळ सावकाश उघडण्याचे प्रमुख कारण म्हणजे मूळ आकारातच चढविलेली छायाचित्रे. सुमारे दोन हजार शब्दांचा मराठी मजकूर ४० किलोबाईटच्या आसपास जागा घेतो. मोबाईलवर काढलेले एकच छायाचित्र सहज ४ मेगाबाईट, म्हणजे त्याच्या सुमारे शंभरपट असू शकते. अशी दहा छायाचित्रे एका पानावर ठेवली, तर ते पान ४० मेगाबाईटचे होते. सेकंदाला २ मेगाबिट वेग मिळणाऱ्या ठिकाणी ते पूर्ण उघडण्यास १६० सेकंद, म्हणजे अडीच मिनिटांहून अधिक काळ लागेल. इतका वेळ कोणताही वाचक थांबत नाही. शिवाय त्याच्या मोबाईलचा डेटा खर्च होतो, तो वेगळाच.

हीच छायाचित्रे चढविण्यापूर्वी सुमारे १२०० पिक्सेल रुंदीची केली आणि जेपीईजी प्रकारात मध्यम गुणवत्तेने साठविली, तर प्रत्येकी २०० किलोबाईटच्या आसपास येतात. दहा छायाचित्रांचे पान मग २ मेगाबाईटचे होते आणि त्याच ठिकाणी साधारण ८ सेकंदांत उघडते. चौकटीत चित्र लहान करून दाखविणे म्हणजे फाईल लहान करणे नव्हे, हे ध्यानात ठेवावे. फाईल चढविण्यापूर्वीच लहान करावी. समारंभाची पन्नास छायाचित्रे देण्यापेक्षा पाच निवडक छायाचित्रे, प्रत्येकाखाली ठिकाण, वर्ष व प्रसंग लिहून दिलेली, अधिक बोलकी ठरतात.

डोळ्यांना सुसह्य, कानांना सुगम

संकेतस्थळ संगणकाच्या मोठ्या पडद्यावर तयार केले जात असले, तरी ग्रामीण भागातील वाचक बहुधा ते मोबाईलवर पाहतो. प्रत्येक पान प्रसिद्ध करण्यापूर्वी साध्या मोबाईलवर उघडावे, आणि तेही उन्हात उभे राहून पाहावे. देवनागरीत मात्रा, वेलांटी, उकार यांची दाटी वरखाली असते. म्हणून अक्षरांचा आकार १६ ते १८ पिक्सेलपेक्षा कमी नसावा आणि दोन ओळींतील अंतर अक्षराच्या दीडपट तरी असावे. दोन्ही कडा जुळविण्याच्या हौसेने मोबाईलवर शब्दांमध्ये मोठी खिंडारे पडतात. डावी कडा सरळ ठेवणेच श्रेयस्कर.

रंगांच्या बाबतीत मोजमाप उपलब्ध आहे. वेबची मानके ठरविणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेच्या सुलभतेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार सामान्य आकाराची अक्षरे आणि पार्श्वभूमी यांतील प्रकाशभेद किमान ४.५ : १ असावा. पांढऱ्यावर काळ्या अक्षरांत हे प्रमाण २१ : १ असते. पांढऱ्यावर पिवळी अक्षरे लिहिली, तर ते जेमतेम १ : १च्या आसपास येते, म्हणजे अक्षर जवळपास दिसतच नाही. भगव्या पार्श्वभूमीवर लाल किंवा निळीवर जांभळी अक्षरे हा मोह म्हणूनच टाळावा.

काही वाचक पान डोळ्यांनी पाहत नाहीत, तर ऐकतात. दृष्टिहीन व्यक्ती ‘एनव्हीडीए’ हे विनामूल्य सॉफ्टवेअर किंवा अँड्रॉइड मोबाईलमधील ‘टॉकबॅक’ वापरून संकेतस्थळ वाचून घेतात. चित्रामागे पर्यायी मजकूर लिहिण्याची चौकट जवळजवळ प्रत्येक सॉफ्टवेअरमध्ये असते. तेथे ‘फोटो ३’ असे न लिहिता ‘मे महिन्यात तळ दिसणारी शाळेमागची विहीर’ असे लिहिले, की ते चित्र न पाहणाऱ्यापर्यंतही पोहोचते. युनिकोड मजकूर, खरी उपशीर्षके आणि नेमके दुवे यांचा लाभ या वाचकांना सर्वाधिक होतो.

मर्यादा आणि मर्यादेचे भान

वैयक्तिक संकेतस्थळ हे शासकीय संकेतस्थळ नव्हे, हा भेद ठळक राहिला पाहिजे. भारताच्या राजचिन्हाच्या अनुचित वापरास २००५च्या अधिनियमाने प्रतिबंध केलेला आहे. मुखपृष्ठाला भारदस्तपणा यावा म्हणून ते चिन्ह लावणे सर्वथा गैर होय. शासकीय कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ आणि जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना त्यांचे १९६७चे वर्तणूक नियम लागू असतात, याचेही स्मरण असावे. कार्यालयात हाती आलेली माहिती वैयक्तिक संकेतस्थळावर देण्यापूर्वी नियम पाहावेत व आवश्यक तेथे अनुज्ञा घ्यावी.

विद्यार्थ्यांच्या बाबतीत विशेष सावधगिरी हवी. मुलाचे छायाचित्र, पूर्ण नाव, इयत्ता आणि गाव या चार गोष्टी एकत्र दिल्या, की अनोळखी माणसाला ते मूल शोधणे सोपे जाते. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ने १८ वर्षांखालील व्यक्तीस बालक मानले असून तिच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीचे तत्त्व स्वीकारले आहे. वैयक्तिक संकेतस्थळ चालविणाऱ्यानेही पालकांची लेखी संमती घेण्याचा प्रघात ठेवावा आणि शक्यतो मुलांचे चेहरे न दाखविता त्यांचे काम दाखवावे. मोबाईलच्या छायाचित्रात ते टिपल्याच्या स्थळाचे अक्षांश-रेखांश दडलेले असू शकतात. कॅमेऱ्यातील स्थळनोंद बंद करावी, किंवा चढविण्यापूर्वी ती माहिती काढून टाकावी. आधार क्रमांक, बँक खाते आणि लाभार्थींचे दूरध्वनी क्रमांक कोणत्याही कारणाने प्रसिद्ध करू नयेत.

दुसऱ्याच्या लेखनाविषयीही विवेक हवा. प्रतिमुद्राधिकार अधिनियम, १९५७ अन्वये लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या त्याच्या साहित्यावरील अधिकार त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे चालतो व ही मुदत मृत्यूच्या पुढील वर्षारंभापासून मोजतात. साने गुरुजींचे निधन १९५० मध्ये झाले. त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकांवरील ही मुदत २०१० अखेर संपली. विद्यमान लेखकांचे धडे अथवा कविता मात्र परवानगीवाचून पूर्ण उतरवून घेता येत नाहीत. इंटरनेटवर सापडले म्हणजे ते सर्वांचे झाले, हा समज चुकीचा आहे.

टिकेल तेच उपयोगी

संकेतस्थळ उभारणे सोपे असले, तरी टिकविणे हे खरे काम आहे. १९९४ मध्ये सुरू झालेल्या ‘जिओसिटीज’ या विनामूल्य सेवेवर जगभरातील लक्षावधी लोकांनी आपली वैयक्तिक पाने उभारली होती. पुढे ती सेवा ‘याहू’कडे गेली आणि ऑक्टोबर २००९ मध्ये बहुतेक देशांसाठी बंद झाली. ‘इंटरनेट आर्काइव्ह’ व काही स्वयंसेवकांनी त्यांतील बरीच पाने वाचविली; परंतु ज्यांनी स्वतःची प्रत ठेवली नव्हती, त्यांची भिस्त इतरांच्या प्रयत्नांवरच राहिली.

यावरून तीन गोष्टी शिकण्यासारख्या आहेत. पहिली, मूळ मजकूर, तक्ते व छायाचित्रे स्वतःच्या संगणकावर आणि आणखी एका वेगळ्या ठिकाणी, उदाहरणार्थ घराबाहेर ठेवलेल्या हार्ड डिस्कवर, जपून ठेवावीत. दुसरी, शक्य असल्यास स्वतःचे नाव नोंदवावे. सॉफ्टवेअर वा सेवा बदलली, तरी पत्ता तोच राहतो. २०१४ पासून ‘डॉट भारत’ या देवनागरी पत्त्याचीही सोय आहे. नावाचे नूतनीकरण मुदतीत व्हावे म्हणून त्याची तारीख दिनदर्शिकेत लिहून ठेवावी. तिसरी, पासवर्ड आणि पत्त्याची कागदपत्रे घरातील एका विश्वासू व्यक्तीस ठाऊक असावीत. संकेतस्थळ चालविणारा राहिला नाही, तरी त्याने जमविलेली माहिती राहावी.

पत्त्यापूर्वी ‘एचटीटीपीएस’ ही सुरक्षित जोडणी आहे किंवा नाही, हेही पाहावे. ती नसलेल्या संकेतस्थळांवर क्रोम ब्राउझर जुलै २०१८ पासून ‘असुरक्षित’ असा शेरा दाखवू लागला. अनेक सेवांमध्ये ही जोडणी विनामूल्य मिळते. केवळ एक खूण करावी लागते. त्याचबरोबर प्रत्येक पानाच्या तळाशी ते कधी तपासले, ती तारीख द्यावी. तारीख नसलेला दर, वेळापत्रक वा आकडा वाचकाची दिशाभूल करू शकतो. चूक आढळल्यास ती गुपचूप न बदलता दुरुस्तीची एक ओळ लिहावी. त्याने संकेतस्थळाची विश्वासार्हता वाढते.

एका बैठकीत एक काम

हे सर्व एकाच दिवशी करावयास घेतले, तर उत्साह मावळतो. पहिल्या रविवारी हलती अक्षरे व संगीत काढावे. दुसऱ्या रविवारी प्रत्येक पानाचे शीर्षक नीट करावे. तिसऱ्या रविवारी छायाचित्रे लहान करावीत आणि त्यानंतर दर आठवड्याला एकेक पान युनिकोडमध्ये आणून तपासावे. प्रत्येक टप्प्यानंतर संगणकाशी फारसा परिचय नसलेल्या एखाद्या व्यक्तीच्या हाती मोबाईल द्यावा आणि एक प्रश्न विचारावा : ‘शाळेमागच्या विहिरीला गेल्या मे महिन्यात किती पाणी होते, ते यात शोधून सांगा.’ ती कोठे अडखळते, हे मुकाट्याने पाहावे. त्या एका निरीक्षणातून मिळणारे धडे कोणत्याही पुस्तकात मिळणार नाहीत.

‘सर्न’ने आपले पहिले संकेतस्थळ २०१३ मध्ये मूळ पत्त्यावर पुन्हा उपलब्ध करून दिले. त्यावर चित्र नाही, रंग नाही, सरकणारे अक्षर नाही. आहेत ते साधे शब्द आणि दुवे. म्हणूनच ते आजच्या मोबाईलवरही क्षणात उघडते व वाचता येते.

विहिरींच्या वहीचे काम करणारे गुरुजी, गावच्या वृद्धांकडून जुन्या वाटांची नावे लिहून घेणारा ग्रामसेवक, बियाण्यांच्या देशी वाणांची यादी ठेवणारी पंचायत सदस्या, अशा माणसांजवळ जे आहे ते शासनाच्या कोणत्याही दप्तरात असेलच, असे नाही. ती माहिती त्यांच्या संकेतस्थळावर साध्या, शुद्ध व शोधता येईल अशा मराठीत राहिली, तर पुढील टंचाईच्या वर्षी आराखडा करावयास बसलेल्या पंचायतीला शोधाशोध करावी लागणार नाही. मे महिन्यात कोणत्या विहिरीला किती पाणी होते, हे तिला आपल्या हातातील मोबाईलवरच दिसेल.